रद्दीआडची वही

लिहिल्यानं माणसाला धीर येतो, स्वतःची ओळख पटते, असं हल्ली सगळीकडं सांगतात. शाळेतलं शिबिर असो नाहीतर ग्रामीण साहित्य संमेलन, पाहुणा उठतो आणि म्हणतो, रोज दोन पानं लिहा, मनातलं कागदावर काढा, तुमचे तुम्ही सापडाल. टाळ्या पडतात. ऐकणारा घरी येऊन नवी वही काढतो. चार दिवस ती भरते, पाचव्या दिवशी लावणीची धांदल उठते आणि वही फळीवर जाते. पाहुण्याचा सल्ला खोटा नव्हे. पण लिहायला बसल्यावर जे आडवं येतं त्याबद्दल तो काहीच बोलत नाही. घरात कुणी वाचलं तर काय म्हणेल, आपल्या जिण्यात लिहिण्यासारखं आहे तरी काय, लिहिलं तर ते नक्की कुणाचं, आणि ते दाखवायचं कुणाला, या चार प्रश्नांपाशी बहुतेकांच्या वह्या थांबतात.

हे चारही प्रश्न ज्या बाईपुढं उभे होते आणि तरी जिची वही थांबली नाही, ती आपल्याच सातारा जिल्ह्यातली. फलटणच्या बेबीताई कांबळे. त्यांचं 'जिणं आमुचं' मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. मी दहावी शिकलेला शेतकरी, समीक्षेची भाषा मला येत नाही. पण बैल घेताना दात बघतात, चाल बघतात, तसं पुस्तकात काय बघावं हे वाचून वाचून थोडं कळायला लागलंय. तेवढंच सांगतो.

आधी माहिती. बेबीताईंचा जन्म १९२९ सालचा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा, आजोळचा. महारवाड्यात वाढल्या. पुढं फलटणला आल्या. शिक्षण चौथीपर्यंत. तेराव्या वर्षी लग्न झालं. नवरा-बायकोनं आधी द्राक्षं विकली, मग भाजीपाला, मग छोटं किराणा दुकान थाटलं. पदरात पोरंबाळं. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीचं वारं लहानपणीच अंगात शिरलेलं. या दुकानाच्या गल्ल्यावर बसून बाईनं लिहिलं, आणि जवळजवळ वीस वर्षं ते नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवून ठेवलं. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमशः आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. 'स्त्री' हे मासिक १९३० साली किर्लोस्करवाडीत सुरू झालेलं, म्हणजे त्याचंही मूळ आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीत. बेबीताई २०१२ साली गेल्या.

आता पहिली गोष्ट, लिहिण्याची सुरुवात कुठनं झाली. किराणा दुकानात पुड्या बांधायला रद्दी लागते. गूळ, डाळ, मिरची बांधायच्या आधी बेबीताई तो कागद वाचायच्या. अर्धी बातमी, फाटलेली गोष्ट, कुणाच्या तरी भाषणाचा शेवट. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्याबद्दलही आपण असंच ऐकतो. शाळा दीड दिवसाची, आणि पुढं मुंबईत दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचून त्यांनी अक्षर पक्कं केलं. दोघांनाही कुणी पुस्तकांचं कपाट उघडून दिलं नव्हतं. ज्याला कपाट मिळतं तो निवडून वाचतो. रद्दी वाचणाऱ्याला हाताला येईल ते वाचावं लागतं, आणि सगळं वाचल्यावर एक गोष्ट त्याच्या फार लवकर ध्यानात येते, की एवढ्या कागदांमध्ये आपण कुठंच नाही. मला वाटतं, बेबीताईंच्या वहीचं बी तिथं पडलं. मन मोकळं करावं म्हणून ती वही उघडलेली दिसत नाही. कागदावर आपल्या माणसांची जागा रिकामी दिसली, ती भरायला ती उघडली. पाहुण्याच्या सल्ल्यात आणि यात मोठा फरक आहे. स्वतःला शोधायला बसलेला माणूस चार दिवसांत कंटाळतो, कारण चार दिवसांत स्वतःबद्दलचं सगळं सांगून होतं. जिला आख्ख्या वाड्याची साक्ष नोंदवायची आहे तिला वीस वर्षंही कमी पडतात.

दुसरी गोष्ट लपवण्याची. लपून लिहिणं म्हटलं की आपल्याला कीव येते. कीव येण्यासारखं आहेच. आपल्याच घरात, आपल्याच कष्टाच्या दुकानात, चार ओळी लिहायला नवरा बाहेर जायची वाट बघायची आणि लिहिलेलं कागदांच्या आड सारायचं. पण त्या लपलेल्या वहीनं काय काम केलं तेही बघायला पाहिजे. त्यासाठी आमच्याकडचं थोडं सांगावं लागेल.

आम्ही जावळीची माणसं. मेढ्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर भात पिकतं, डोंगराला नाचणी-वरी होते, पण त्यावर वर्षाचं भागत नाही. म्हणून गडीमाणूस पिढ्यान् पिढ्या मुंबईला. माथाडीत पाठीवर पोती वाहायला कितीतरी माणसं आमच्याच खोऱ्यातली. मागं घर, वावर, जितराब आणि सासू-सासरे बायकांच्या गळ्यात. मी शाळेत होतो तेव्हा आमच्या वाडीत लिहिता-वाचता येणाऱ्या बायका नव्हत्याच म्हणा ना. पोस्टकार्ड आणून त्या माझ्यापुढं बसायच्या. नात्यानं कुणी काकी, कुणी वहिनी. एक काकी मला अजून आठवते. ती बोलायला लागली की तास जायचा. सासूनं भाकरी मोजून दिली ते, म्हैस आटली ते, दिरानं बांध कोरला ते, रात्री पोराला ताप चढला आणि वैद्याकडं न्यायला कुणी नव्हतं ते. मी पेन उचललं की पदरानं डोळं पुसून म्हणायची, "ते नगं लिवू बाळा. लिव, समदं बरं हाय. आमी समदी खुशाल हाय."

त्या पोस्टकार्डावरचा 'आम्ही' मी शेकड्यानं लिहिला असेल. पत्रास कारण की, इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. त्या 'आम्ही'त काकी पुरी बुडून जायची. कार्ड उघडं, वाटेत पोस्टमन वाचणार, मुंबईच्या गाळ्यात वीस जण वाचणार, परत आलेला माणूस सासूसमोर वाचून दाखवणार. उघड्या कार्डावर खरं कसं लिहावं? आणि लिहिणारा हात तर दुसऱ्याचाच.

याच बायका जात्यावर बसल्या की ओव्यांत सगळं बोलायच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यात बाईच्या जातीचं एकही दुःख सांगायचं राहिलेलं नाही. पण ओवी कुणा एकीची नसते. म्हणणारी म्हणते, ऐकणारी उचलते, पिठाबरोबर दुःख खाली पडतं आणि सकाळ होते. पुढं मेढ्याच्या बाजारात चक्की आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ते बोलणंही थांबलं. ओवीत दुःख हलकं होतं. वहीत ते साठतं, आणि साठलेल्या दुःखाकडं दुसऱ्या दिवशी परत बघता येतं. काल जे नशीब म्हणून लिहिलं होतं ते आज वाचताना विचारता येतं, नशीब कसलं, कुणीतरी केलंय ना हे? बेबीताईंच्या पुस्तकातली ताकद मला या परत वाचण्यात दिसते. अंगात येणं, पोतराज सोडणं, सुनेचा छळ, बाळंतिणीची उपासमार, हे सगळं त्या आधी जसं घडलं तसं रंगवून सांगतात, आणि मग लगेच बाजूला उभ्या राहून त्याच्या मुळाशी जातात. नाकं कापलेल्या सुना, मध्यरात्री उठून दळणारी पोर, भाकरी नीट थापता आली नाही म्हणून तिच्या आईबापाचा उद्धार करणारी सासू. वाचणाऱ्याला सासूचा राग येतो. बेबीताई मात्र सांगतात, की ही सासूही कधीकाळी अशीच सून होती आणि आख्ख्या गावानं चेपलेल्या वाड्यात चेपायला तिला एकच जीव हाताशी होता. असा विचार एका बैठकीत सुचत नाही. बंद वहीत तो मुरावा लागतो.

आता तिसऱ्या गोष्टीकडं येतो. पुस्तकाच्या नावातच 'आमुचं' आहे. त्याच सुमाराला माणदेशाकडच्या महूदच्या, शिक्षिका म्हणून नोकरी केलेल्या शांताबाई कांबळे यांचं आत्मकथन आलं, त्याचं नाव 'माज्या जल्माची चित्तरकथा'. एकीनं 'माज्या' म्हटलं, दुसरीनं 'आमुचं'. बेबीताईंच्या पुस्तकात 'मी' शोधायला गेलात तर फार थोडी सापडते. लहानपणीची हट्टी पोर दिसते, फलटणच्या शाळेत वरच्या जातीच्या मुलींशी भांडणारी मुलगी दिसते. लग्नानंतरची बाई मात्र जवळपास गायबच. दुकान, नवरा, पोरं, वीस वर्षांची ती वही, यांतलं पुस्तकात फारसं काही नाही. जिनं वाड्यातल्या प्रत्येक सुनेचा मार लिहिला, तिनं स्वतःचा संसार लिहिला नाही. पुढं माया पंडित यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८ साली आला. त्याला बेबीताईंची मुलाखत जोडलेली आहे. तिच्यात त्यांनी नवऱ्याचा संशय आणि मारहाण बोलून दाखवली. म्हणजे सांगायला होतं. लिहिलं नाही.

इथं वाचकाला कोडं पडतं. पोस्टकार्डावरच्या काकीचा 'आम्ही' आणि बेबीताईंचा 'आम्ही' एकच का? दोघींनीही आपलं स्वतःचं झाकलंच की. मी यावर बरेच दिवस विचार केला. काकीचा 'आम्ही' सगळ्यांचं झाकायचा, सासूचंही आणि दिराचंही. बेबीताईंचा 'आम्ही' सगळ्यांचं उघडं करतो आणि फक्त एकीचं झाकतो. आणि तेही पुरतं झाकलेलं नाही. सुरुवातीच्याच भागात त्या आपल्या आईबद्दल लिहितात. वडील कर्ते होते, दिलदार होते, पण बायकोला घराबाहेर पडू देत नव्हते, पिंजऱ्यातल्या पाखरासारखं ठेवलं होतं, आणि त्यानं आईचा स्वभाव तिरसट झाला. लेकीनं आईचा पिंजरा इतका बारकाईनं बघितला, त्याच्या गजाची किंमत आईच्या स्वभावात मोजली. ही नजर नुसत्या लेकीची असेल असं मला वाटत नाही. स्वतः गज धरून उभी असलेली बाईच असं बघते. मुलाखत वाचल्यावर मी तो आईचा भाग परत काढून वाचला, आणि पुस्तकातली हरवलेली 'मी' मला तिथं दिसली.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' बघा. ती १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आली. त्यांनाही अक्षरओळख लग्नानंतरच झाली, त्यांच्याही नवऱ्याचा स्वभाव वादळी. रेव्हरंड टिळकांनी शेवटी साताऱ्यातच बिऱ्हाड केलं होतं, म्हणून आमच्याकडच्या जुन्या माणसांना ते नाव परकं वाटत नाही. लक्ष्मीबाई पानापानावर 'मी' म्हणतात. आपली फजिती सांगतात, नवऱ्याचा संताप सांगतात, सोवळ्याचा अतिरेक सांगतात आणि हसतात. हे हसू कमी धैर्याचं आहे असं मी म्हणणार नाही. पण लक्ष्मीबाई लिहायला बसल्या तेव्हा टिळक जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा पाठीशी होता. बेबीताई लिहीत होत्या तेव्हा नवरा माल आणायला बाजारात गेलेला होता आणि कधीही दारात उभा राहणार होता. शिवाय एक जास्तीची अडचण. आपल्या घरातला मार लिहिला तर गावातली वरच्या आळीची माणसं काय म्हणणार, बघा, यांचे गडी असेच. दोन्हीकडून वार झेलणाऱ्या बाईनं कुठला वार आधी लिहायचा ते ठरवलं. पुस्तकाचं उणं म्हणा हवं तर. मला ते तिनं मोजून दिलेलं मोल वाटतं.

या 'आम्ही'बद्दल अजून एक बोलायचं राहिलंय आणि ते टाळून चालणार नाही. हे पुस्तक वाचताना त्या 'आम्ही'त मी बसत नाही. माझं घर गावात, महारवाडा ओढ्यापलीकडं. बेबीताई ज्या वाटेनं लाकडाचा भारा घेऊन गेलेल्या बायका दाखवतात, समोरून कुणी आलं की त्यांनी वाटेच्या खाली उतरायचं, त्या वाटेवर वरून येणारा माणूस म्हणजे माझा आजा-पणजा. 'तुम्ही' म्हणून पुस्तकात जो उभा आहे त्याच्या घरातून मी ते वाचतो. आमच्याकडं काही वाचक हे पुस्तक मिटवून ठेवतात, म्हणतात, जुनं उगाळून काय मिळतं. मला वाटतं, वाचून स्वतःची ओळख पटते म्हणतात तर ती अशाच पुस्तकानं पटते. आपल्या घराची आठवण आपण सांगतो तेव्हा अंगण असतं, तुळस असते, आजीच्या हातचं दूध-भात असतो. ओढ्यापलीकडनं तेच घर कसं दिसत होतं हे घरातल्या कुणाला लिहिता येत नाही. ते लिहिणारं माणूस पलीकडंच जन्मावं लागतं, आणि त्याच्याजवळ वही असावी लागते.

शहरातली काही शिकलेली मंडळी या पुस्तकाला समाजाचा दस्तऐवज म्हणतात. मान देण्यासाठीच म्हणत असतील. पण दस्तऐवज म्हटलं की तलाठ्याचं दप्तर आठवतं. तिथं लिहिणाऱ्याचं कसब कुणी बघत नाही. बेबीताईंजवळ कसब होतं. भुकेचं वर्णन करता करता एकदम हसवायचं, आखाडाच्या महिन्यातली वाड्याची धांदल अशी सांगायची की वास यावा, आणि त्याच पानावर मन गार व्हावं असं काही पुढं ठेवायचं, हे आपोआप होत नाही. जेजुरीला बाबासाहेबांची सभा झाली, पोरांना शाळेत घाला, मेलेलं ढोर ओढू नका असं त्यांनी सांगितलं. तो भाग वाचताना सभेतल्या भाषणाइतकंच सभेवरून परतलेल्या माणसांचं बोलणं मोठं होतं. बदल मंडपात होत नाही, घरी आल्यावर चुलीपाशी वाद होतो तिथं होतो, हे तिला ठाऊक होतं. पोथीतून हे कळत नाही.

दोष नाहीत असं नव्हे. क्रम सरळ नाही. सणावरून बाळंतपणावर, तिथून लग्नावर, मग परत अंगात येण्यावर, अशी उडी पडते आणि नव्या वाचकाला साल-महिना लागत नाही. काही गोष्टी दोनदा येतात. शेवटाकडं शिकून मोठ्या झालेल्या आपल्याच माणसांना त्या खडसावतात, तिथं गोष्ट मागं पडते आणि व्यासपीठ पुढं येतं. पण हे दोषही मला त्या वहीचेच वाटतात. जी बाई दहा मिनिटं मिळाली की लिहिणार आणि पावलं वाजली की झाकणार, तिला मागचं पान उघडून काल कुठं थांबलो होतो हे बघायला उसंत कुठली? शेवटच्या खडसावण्यात तर भीतीच दिसते. जे एवढ्या कष्टानं मिळवलं ते पुढची पिढी बंगल्यात बसून विसरेल ही भीती.

चौथी गोष्ट, वही उघडी कशी झाली. फलटणला मॅक्सीन बर्नसन नावाच्या बाई राहात होत्या. जन्मानं अमेरिकन, फलटणच्या मराठी बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. पुढं त्यांनी फलटणला शाळाही उभी केली. बेबीताईंनी आपलं लेखन त्यांना दाखवलं आणि त्यांनी ते छापायला पाहिजे म्हणून धरून ठेवलं. यातून काही लोक असा अर्थ काढतात, की बाहेरचं कुणी शाबासकी द्यायला आलं तेव्हा बाईला आत्मविश्वास आला. मला उलटं दिसतं. आत्मविश्वास नसता तर दाखवायला वहीच नसती. दगडू मारुती पवार, म्हणजे दया पवार, यांचं 'बलुतं' १९७८ साली आलं आणि मराठी वाचक हादरला. बेबीताईंचं लिहिणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं. असं लिहिता येतं, छापता येतं, हे दाखवणारं पुस्तक समोर नसताना ही बाई लिहीत होती. भीती गेली मग लिहिलं असं घडलंच नाही. भीती दुकानातच बसून होती, ही तिच्या शेजारी बसून लिहीत होती. आत्मविश्वास म्हणजे याहून वेगळं काय असतं? वाचणारं माणूस भेटल्यानं मिळाली ती वाट, आणि वाटेची गरज होती हेही खरं. घरातल्याच माणसांची भीती असते तेव्हा पहिला वाचक घराबाहेरचा असला तर बरंच.

पुढं बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे इथं आश्रमशाळा चालवली. चौथी शिकलेल्या बाईनं पोरांना शाळेत आणून बसवलं. वहीत जे लिहिलं तेच हातानं केलं.

एक प्राध्यापक मित्र सांगत होते, इंग्रजी अनुवादाचं नाव 'द प्रिझन्स वी ब्रोक' असं आहे, म्हणजे आम्ही फोडलेल्या बंदिशाळा. नाव जोरदार आहे, इंग्रजी वाचकाला ते लगेच भिडत असणार. पण मला मूळचंच नाव जास्त खरं वाटतं. 'फोडल्या' म्हटलं की काम संपलं. 'जिणं' म्हटलं की ते अजून चालू आहे. बेबीताईंनी वाड्याबाहेरची भिंत फोडली, घरातली भिंत पुस्तकात तशीच ठेवली आणि आयुष्याच्या उतारावर मुलाखतीत तिच्याकडं बोट दाखवलं. तिसरी भिंत कुणीतरी पुढच्या बाईनं लिहायची आहे.

म्हणून जे कुणी लिहू बघतात, विशेषतः ज्यांच्या वह्या ट्रंकेत लुगड्याखाली आहेत, त्यांना या पुस्तकावरून मला दोन-तीनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या जिण्यात काय आहे लिहिण्यासारखं, हा प्रश्न स्वतःला विचारू नका. हाताशी येणाऱ्या कागदात कोण नाही ते बघा आणि त्याच्याबद्दल लिहा, तुम्ही आपोआप त्यात याल. दुसरी, वही लपवावी लागली तर लपवा, त्यात लाज नाही, पण परत काढून वाचत जा. आणि तिसरी, नावं घाला. 'आम्ही' लिहिलंत तरी त्यातली माणसं ओळखू आली पाहिजेत.

शेतकऱ्याची हिशोबाची वही बघा. माझ्याकडं आहे, तशी प्रत्येकाकडं असते. तारीख, पाऊस, तरवा कधी टाकला, लावणी कधी संपली, खताची पोती किती, आणि मजुरीच्या खान्यात 'बायका ४, गडी २'. हिशोबाला नावं लागत नाहीत. पैसे चुकते झाले की पान संपलं. 'जिणं आमुचं' वाचल्यापासून त्या खान्याशी माझी बोटं थांबतात. त्या चार बायका दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून होत्या, त्यांच्या डोक्यावर इरली होती, त्यांचं आपसात काही बोलणं चाललं होतं आणि मी बांधावर गेलो की ते थांबायचं. त्या काय बोलत होत्या ते माझ्या वहीत कधी येणार नाही. पण आता त्यांच्या पोरी शिकल्यात, मेढ्याच्या कॉलेजात जातात, त्यांच्याकडं पेन आहे. चौघींपैकी एकीच्या घरी जरी वही असली, तर बांधावर उभा राहिलेला तो माणूस तिच्यात कसा लिहिला गेला असेल, हे मला वाचायचंय.